मिठामुळे उकडलेलं अंडं सहज सोललं जातं का?

"अंडी उकडताना पाण्यात चमचाभर मीठ टाका, टरफल झटकन निघतं" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मीठ टाकल्याने बिघडत काहीच नाही. अंडं तडकलं तर बाहेर येणारा पांढरा भाग लवकर गोठतो, एवढा उपयोग होतो. टरफल मात्र त्यामुळे सुटत नाही.

टरफलाच्या आत पातळ पापुद्रा असतो. ताज्या अंड्याचा पांढरा भाग त्याला घट्ट धरून राहतो, म्हणून सोलताना लचके निघतात. काही दिवसांत टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि पकड सैल पडते. माझ्या मते त्याहून महत्त्वाची सुरुवातीची आच. गार पाण्यापासून हळूहळू तापवलं तर पांढरा भाग पापुद्र्याला चिकटूनच शिजतो. उकळत्या पाण्यात सोडलं की तो पटकन आळतो, चिकटायला वेळच मिळत नाही.

पडताळून बघा. एकाच वेळी आणलेली अंडी घ्या. दोन भांड्यांत पाणी उकळा, एकातच मीठ घाला, दोन्हींत तीन-तीन अंडी पळीने अलगद सोडा. तिसऱ्या भांड्यात मिठाच्या गार पाण्यापासून सुरुवात करा. उकळी आल्यावर सगळी 11 मिनिटं ठेवा, गार पाण्यात घालून सोला. लचके बहुधा तिसऱ्या भांड्यातल्या अंड्यांचेच निघतील.