कामाबाहेरील राजकीय कार्य व बडतर्फी

कामाची वेळ संपल्यावर, कामाच्या जागेबाहेर केलेल्या राजकीय कार्यावरून कर्मचाऱ्याला नोकरीतून काढावे का, हा सेवाविषयक व कामगार कायद्यातील जुना वाद आहे. पक्षाचे सभासदत्व, सभेला हजेरी, मोर्चा, पत्रके वाटणे, वर्गणी देणे आणि अलीकडे समाजमाध्यमांवरील मजकूर हे सगळे या कार्यात येते. भारतात याचे उत्तर माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाच्या नोकरीत आहे यावर अधिक ठरते. या नोंदीच्या लेखकाला हेच या विषयातले मुख्य दुखणे वाटते.

सरकारी नोकरांसाठी नियम स्पष्ट व कडक आहेत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ५ नुसार कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचे किंवा राजकारणात भाग घेणाऱ्या संघटनेचे सभासद होता येत नाही, चळवळीला वर्गणीही देता येत नाही. मत देता येते, पण कोणाला देणार किंवा दिले याची वाच्यता करता येत नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे म्हणजेसुद्धा आपले वजन वापरणे, असे नियमाचे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे स्कूटरच्या पुढच्या काचेवरचा एक स्टिकर कारणे दाखवा नोटिशीला पुरतो. शासन उलथवू पाहणाऱ्या चळवळीत घरातले कोणी असेल, तर त्याला आवरण्याचा प्रयत्न करावा आणि ते न जमल्यास सरकारला कळवावे, अशीही अपेक्षा आहे. महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत, तर जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६७ चे वेगळे नियम आहेत.

या बंदीमागचे कारण खोटे नाही. गावातला जिल्हा परिषदेचा शिक्षक मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष म्हणून बसतो. आदल्या आठवड्यात तोच एखाद्या उमेदवाराच्या प्रचारफेरीत झेंडा घेऊन फिरला असेल, तर पेटीवर कोणाचा विश्वास राहील? तलाठी, पोलीस, निवडणूक कामावरचा कारकून यांच्याबाबत तटस्थता हा कामाचाच भाग आहे. मात्र हेच मोजमाप टंकलेखकाला, मत्स्य खात्यातल्या कारकुनाला किंवा रेल्वेच्या फिटरला जसेच्या तसे लावले जाते, तेव्हा नियमाचा आधार सुटतो.

न्यायालयांची भूमिका एका दिशेने गेलेली नाही. कम्युनिस्ट व कामगार संघटनेतील कामावरून काढलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले की, त्यांचे कम्युनिस्ट राहण्याचे स्वातंत्र्य कोणी काढून घेतलेले नाही. नोकरीत राहण्याचा मूलभूत हक्क मात्र नाही. तर्क सरळ आहे, पण ज्याची चूल पगारावर पेटते त्याला असे स्वातंत्र्य कितपत वापरता येते, हा प्रश्न त्यात उरतोच. १९६२ मध्ये मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील कर्मचारी संघटनेच्या सचिवाच्या खटल्यात न्यायालय वेगळे वागले. निदर्शनांवरची सरसकट बंदी आणि मान्यता नसलेल्या संघटनेचे सभासद होण्यावरची बंदी त्याने रद्द ठरवली. संपावरची बंदी कायम राहिली.

सर्वांत बोलका निवाडा १९८३ चा आहे. मध्य प्रदेशातील नगरपालिकेची एक शाळा १९७१ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तिथल्या एका शिक्षकाला १९७२ मध्ये चारित्र्य पडताळणीच्या अटीवर शासकीय सेवेत सामावून घेण्यात आले. पुढे पोलीस अधीक्षकांनी कळवले की, त्याने राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघाच्या कार्यात भाग घेतला होता. तेवढ्यावर १९७४ मध्ये त्याची सेवा संपवण्यात आली. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी, फक्त देवदूतांनीच पाऊल ठेवावे असा सरकारी नोकरी हा काही स्वर्ग आहे का, अशा अर्थाचा प्रश्न करून ती सेवासमाप्ती टिकू दिली नाही. १९५७ च्या प्रकरणातले रेल्वे कर्मचारी डावे होते, हा शिक्षक उजव्या बाजूचा. सत्ता बदलली की काढला जाणारा माणूस बदलतो, कागद तोच राहतो. संघकार्यात भाग घेण्यास केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६६ पासून असलेली मनाई जुलै २०२४ मध्ये उठवण्यात आली.

सभेला जाणे आणि सभेत भाग घेणे यांतला फरक त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दाखवला. निवृत्तीला जेमतेम काही दिवस उरले असताना मत्स्य विभागातील एका कर्मचारी महिलेला राजकीय सभेला हजर राहिल्याबद्दल व फेसबुकवरील मजकुराबद्दल निलंबित करण्यात आले होते. निवडणुकीच्या दिवसांत नेत्यांची भाषणे ऐकायला सगळ्या विचारांचे लोक जातात, मैदानात उभा असलेला प्रत्येक जण पक्षाचा नसतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांबाबत सूचना काढून शासनाच्या धोरणांवरील प्रतिकूल टीकेला मनाई केली. त्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत.

परदेशातील उदाहरणांत पश्चिम जर्मनीचे मोठे आहे. घटनाविरोधी ठरणाऱ्यांना सरकारी नोकरीपासून दूर ठेवण्याच्या २८ जानेवारी १९७२ च्या निर्णयानंतर तिथे या नोकरीतील सुमारे ३५ लाख उमेदवार व कर्मचाऱ्यांची राजकीय छाननी झाली. कम्युनिस्ट पक्षाच्या कामावरून १९८७ मध्ये बडतर्फ झालेल्या एका शिक्षिकेच्या बाजूने युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९५ मध्ये १० विरुद्ध ९ मतांनी निकाल दिला. तिने वर्गात कधी राजकारण आणले नव्हते, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. कामावर काय परिणाम झाला, हे आधी पाहण्याची ही पद्धत भारतीय नियमांत उतरायला हवी होती.

खासगी क्षेत्रात नियम विरळ आहेत. संविधानातील मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध चालतात. राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव नको, असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १११ व्या कराराला भारताने १९६० मध्ये मान्यता दिली. तरी खासगी मालकाला तसे बंधन घालणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला नाही. कारखान्यातील कायम कामगाराला थोडा आधार मिळतो तो स्थायी आदेशांचा, म्हणजे सेवाशर्ती व गैरवर्तन ठरवणाऱ्या आस्थापनेच्या लेखी नियमांचा. ग्लॅक्सो लॅबोरेटरीज खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आवारात व आवाराच्या लगत घडलेल्या गैरवर्तनापुरते लिहिलेले कलम मालकाला बाहेरच्या वागणुकीपर्यंत ताणता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने आकसाने किंवा उघड खोट्या कारणाने काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. मात्र औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच ठेवली आहे.

कायम कामगाराला निदान आरोपपत्र मिळते, चौकशी होते, कामगार न्यायालयाची पायरी चढता येते. ठेकेदाराकडच्या माणसाला बहुधा पत्रही मिळत नाही. पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, गेटवर त्याचे कार्ड चालत नाही, आणि सुपरवायझर सांगतो की काम कमी झाले आहे.