डॅमेज फॉर्म्युला

रोल-प्लेइंग गेममध्ये हल्लेखोराचे बळ (ह) आणि समोरच्याचा बचाव (ब) यांवरून एका फटक्यात किती हिट पॉइंट (पात्राची शिल्लक जीवनशक्ती मोजणारे गुण) कमी होतील, हे ठरवणारे सूत्र.

हिट पॉइंटची कल्पना गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग गेमने (१९७४) रूढ केली, तिच्या मुळाबद्दल मात्र मतभेद आहेत. अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांवरच्या आपल्या खेळातून ती घेतल्याचे आर्नेसन सांगत. तथापि फ्लेचर प्रॅट यांच्या नौयुद्ध-खेळात (प्रकाशन १९४०) जहाजांचे गुण फटक्यागणिक वजा होतच असत. तेव्हा श्रेय एका व्यक्तीपेक्षा त्या परंपरेला देणे अधिक सयुक्तिक दिसते. शिवाय डंजन्सच्या मूळ नियमांत चिलखत घाव लागण्याची शक्यता कमी करते, घाव सौम्य करीत नाही. बचाव वजा करण्याची रीत त्यामुळे वेगळ्या वाटेने आली असावी.

वजाबाकीचे सूत्र (ह − ब) सोपे, पण ठिसूळ असते. ब = १८ असताना ह २० वरून २२ झाला, की हानी २ वरून ४, म्हणजे थेट दुप्पट होते; ह १८ च्या खाली गेला की शून्य. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) मालिकेतील ह/२ − ब/४ हे रूप हा दोष सौम्य करते, घालवत नाही. तो खेळ ज्यावर चाले त्या फॅमिकॉम या गेम-कन्सोलच्या प्रोसेसरला भागाकाराची आज्ञाच नव्हती; द्विमान अंक नुसते सरकवून भागता येणारे २ व ४ हे भाजक बहुधा त्यामुळेच सोयीचे ठरले.

गुळगुळीत वक्रासाठी ह² / (ह + ब) हे सूत्र वापरता येते. वरच्याच आकड्यांना ते सुमारे १०.५ व १२.१ देते. ब लहान असता ते जवळजवळ वजाबाकीसारखे वागते, ब कितीही वाढला तरी शून्यावर येत नाही. ह, ब आणि हिट पॉइंट तिन्ही दुप्पट केले तर लढाईची लांबी तीच राहते. वजाबाकीची धार हवी असल्यास ह ≥ २ब असेपर्यंत ह − ब आणि त्याखाली ह² / ४ब अशी जोडणी करतात. सांध्यावर (ह = २ब) दोन्हींचे मूल्य ब आणि उतार १ येतो, म्हणून वक्राला कोपरा पडत नाही. संतुलनाच्या दृष्टीने ही जोडणी अधिक उपयुक्त वाटते.

‘लीग ऑफ लेजेंड्स’मध्ये हानीला १०० / (१०० + चिलखत) ने गुणतात : चिलखत १०० असता निम्मी हानी, ३०० असता पाव. टक्केवारीतील घट मंदावत गेली, तरी चिलखताचा प्रत्येक गुण टिकाव सारखाच वाढवतो. ‘पोकेमॉन’मध्ये ह/ब हे गुणोत्तर, पातळी व यादृच्छिक गुणक येतात.

अपूर्णांक छाटल्यास लहान आकड्यांत वक्राच्या पायऱ्या होतात. म्हणून छाटणी शेवटी एकदाच करणे बरे.