मुंबईच्या प्लेगची वक्ररेषा

साथरोगशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, तो जगात कुठेही शिकत असो, एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर आठवडे आणि उभ्या अक्षावर त्या-त्या आठवड्यातील मृत्यू मांडलेले असतात. ठिपके आधी हळूहळू, मग झपाट्याने वर चढतात, एका शिखरावर क्षणभर रेंगाळतात आणि जवळजवळ तशाच उताराने खाली येतात. त्या सर्व ठिपक्यांमधून एक देखणी, घंटेच्या आकाराची रेषा जाते. हे ठिपके म्हणजे १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दगावलेली माणसे होत. रेषा १९२७ साली एडिंबरो येथे काढली गेली. मुंबईत फार थोड्यांना ठाऊक असलेली ही मुंबईची रेषा साथींच्या गणिताचे मूळ मानली जाते, आणि तिच्यात एक गमतीची अडचण दडलेली आहे.

रेषा काढणारे दोघे होते. अँडरसन मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील लष्करी डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालकपद त्यांनी सांभाळले होते. विल्यम केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. साथ शिखरावर पोहोचून का ओसरते, हा त्यांचा प्रश्न होता. त्या काळी याची दोन सोपी उत्तरे दिली जात: आजार होऊ शकेल अशी माणसेच संपतात, किंवा रोगजंतूचा जोर कमी होतो. दोघांनी गणिताने दाखवून दिले की यातले काहीही घडले नाही तरी साथ ओसरू शकते.

युक्तिवाद साधा आहे. लोकसंख्येचे तीन गट करावेत: अजून आजार न झालेले पण होऊ शकेल असे, सध्या आजारी असलेले, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीतून बाहेर पडलेले. समजा, सुरुवातीला एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो. कोविडच्या काळात ‘आर-नॉट’ या नावाने जो आकडा घरोघरी ऐकू येत होता, तो हाच. एकाचे दोन, दोनाचे चार अशी वाढ होत जाते. पण रुग्ण ज्यांच्या संपर्कात येतो त्यांपैकी अधिकाधिक लोक आता आधीच आजारून गेलेले असतात. निम्मी लोकसंख्या साखळीतून गेली की दोन संधींपैकी एक वाया जाते आणि एक रुग्ण सरासरी एकालाच लागण देऊ शकतो. हेच शिखर. तिथून पुढे प्रत्येक रुग्णामागे एकाहून कमी नवा रुग्ण निर्माण होतो आणि साथ उतरू लागते. तरीही ती तिथल्या तिथे थांबत नाही, कारण शिखरावर असलेले असंख्य रुग्ण उतारावरही लागण देत राहतात. या उदाहरणात ती थांबेपर्यंत सुमारे ८० टक्के लोक सापडलेले असतात. उरलेले २० टक्के वाचतात ते केवळ आगीला पुरेसे सरपण उरले नाही म्हणून. लसीकरणाचे गणितही याच उंबरठ्यावर उभे आहे. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो, म्हणून गोवर रोखायला नव्वद टक्क्यांहून अधिक मुले सुरक्षित असावी लागतात.

आता मुंबईच्या रेषेकडे परत येऊ. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या सूत्रात शिखर आठवड्याला ८९० मृत्यूंचे आहे आणि रेषेखालची सगळी बेरीज सुमारे ८,९०० भरते. लागण झालेल्यांपैकी ८० ते ९० टक्के दगावत असल्याने रुग्ण दहा-अकरा हजार धरावेत. त्या वेळी मुंबईची वस्ती सुमारे दहा लाख होती. म्हणजे शंभरातील एखाद्याच माणसाला प्लेग झाला, नव्व्याण्णव जणांना तो होणे बाकी होते, आणि तरीही साथ उतरली. माणसांमधले सरपण तर जवळजवळ जसेच्या तसे शिल्लक होते! तीन गटांचे गणित माणसांना लावले तर ते इथे अजिबात जमत नाही, आणि रेषा मात्र ठिपक्यांवर अचूक बसते.

याचे उत्तर गणितात सापडत नाही. ते मुंबईच्या वखारींत आणि चाळींत शोधावे लागते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा तो कोणत्या जंतूमुळे होतो हे दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांच्या कामामुळे कळलेले होते. तो माणसापर्यंत कसा येतो, हे मात्र कळलेले नव्हते. त्यामुळे सरकारने संशय घेतला तो घाणीवर आणि माणसांवर. गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतले गेले, घरांच्या झडत्या घेतल्या गेल्या, प्रवासी तपासले गेले, रुग्णांना ओढून इस्पितळांत नेले गेले. उंदरांना एका घरातून दुसऱ्या घरात जायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

खेड्यापाड्यांतील माणसांनी मात्र एक गोष्ट हेरली होती: घरात उंदीर पडू लागले की दोन आठवड्यांच्या आत माणसांना गाठी येतात. म्हणून उंदीर पडले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. या उपायामागचे कारण त्यांना माहीत नव्हते, पण उपाय योग्य होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत आजारी उंदराच्या पिसवांमार्फत निरोगी उंदराला प्लेग होतो हे दाखवले. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू केल्यावर शंकेला जागा राहिली नाही. प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग ठेवले असता उघड्यावरचे मरत. ज्यांच्या पिंजऱ्याला पिसू शिरू शकणार नाही इतकी बारीक जाळी होती, ते त्याच घरात, त्याच हवेत जगत. हवा, जमीन आणि घाण यांवरचा आरोप एका जाळीने पुसून टाकला.

म्हणजे खरी साथ उंदरांची होती आणि माणसांची साथ ही तिची सावली. उंदीर मेला, त्याचे अंग थंड झाले की भुकेलेल्या पिसवा मिळेल त्या उबदार शरीराकडे वळत. चाळीत ते शरीर माणसाचे असे. शिवाय पिसूचे स्वतःचे वेळापत्रक होते. जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी गोळा होऊन अन्नमार्ग बंद करतात; भुकेने व्याकूळ झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू उलटून टाकते. तापमान सुमारे २८ अंशांपुढे गेले की हा अडथळा टिकत नाही असे मानले जाते. मुंबईचा प्लेग वर्षानुवर्षे हिवाळ्यात चढून उन्हाळ्यात उतरत असे, याचे एक कारण इथे असावे. उंदरांतील सरपण संपणे आणि उन्हाळा चढणे या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडत, आणि कागदावर दोन्हींची घंटा सारखीच दिसते.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण गृहीत धरले आहे, सर्व उंदीर सारखेच ग्रहणक्षम आहेत असेही धरले आहे, यातले काहीच काटेकोरपणे खरे नाही आणि म्हणून हे सूत्र अगदी ढोबळ आहे, असे त्यांनी आलेखाशेजारीच लिहून ठेवले. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि ही टीप बहुतेकदा मागे ठेवली. माझ्या मते ती टीप आलेखाहून मोलाची आहे, कारण त्या रेषेत एकही उंदीर दिसत नाही, आणि तिच्यातला प्रत्येक ठिपका मात्र कुठल्या तरी चाळीत आधी पडलेल्या उंदरांमागून आला आहे.