महाग भागातली घरं लवकर विकली जातात?

‘जिथे घरं महाग, तिथे ती झटपट खपतात’ हा समज जुना आहे, पण चुकीचा. वेग ठरतो तो गिऱ्हाइकं किती आणि विक्रीला घरं किती यावरून. स्वस्त भागातही घरं मोजकीच असली की पटापट उचलली जातात. त्यात घर विकायला लागलेल्या दिवसांची प्रदेशवार सरासरी भलतीच फसवी. समजा, पाच घरं १०, १२, १५, २० आणि १४३ दिवसांत विकली गेली. सरासरी आली ४० दिवस, पण मधलं घर गेलं १५ दिवसांतच! शिवाय विक्रीच्या सरासरीत न विकलेली, पडून राहिलेली घरं धरलेलीच नसतात. आणि जुनी जाहिरात काढून नवी टाकली की कित्येकदा दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून (दलालांना हे चांगलं ठाऊक असतं).