मिथेन निष्कासन

हवेत आधीच मिसळलेल्या मिथेनचे ऑक्सिडीकरण करून तापमानवाढ मंदावण्याची प्रस्तावित पद्धत. नाव निष्कासन असले तरी मिथेन काढून कुठे साठवायचा नसतो. जागच्या जागी त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायचे असते. एक हरितगृह वायू घालवून दुसरा करायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. पण वीस वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन ८० टन कार्बन डायऑक्साइडइतकी, किंबहुना थोडी जास्तच, उष्णता धरतो आणि ऑक्सिडीकरणानंतर त्याचा उरतो पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड.

गोबरगॅसच्या शेगडीत रोज हेच घडते. त्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, त्यामुळे काडी लावताच निळी ज्योत धरते. मोकळ्या हवेत मात्र मिथेन दहा लाख भागांत जेमतेम १.९ भाग (औद्योगिकीकरणापूर्वी तो सुमारे ०.७ होता). पेट घ्यायला निदान ५ टक्के लागतो. एक किलो मिथेन हाती लागायचा तर जवळजवळ आठ लाख घनमीटर हवा चाळावी लागते. सगळे घोडे पेंड खाते ते इथे.

निसर्गात हे काम मुख्यतः हवेतली हायड्रॉक्सिल मूलके (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचे अतिशय क्रियाशील कण) करतात. म्हणून मिथेन हवेत दहाएक वर्षेच टिकतो. थोडा वाटा मातीतल्या मिथेनभक्षी जिवाणूंचा.

सर्वांत धाडसी प्रस्ताव समुद्रावर लोहक्षारांचे सूक्ष्मकण सोडण्याचा आहे. उन्हात त्यांच्यामुळे क्लोरिनचे अणू सुटे होतात आणि ते मिथेनवर तुटून पडतात. सहाराची धूळ अटलांटिकवर आपसूक असेच काहीसे करते. मात्र क्लोरिन ओझोनही खातो, आणि हायड्रॉक्सिल बनते ओझोनपासूनच. मात्रा कमी पडली तर मिथेनचे आयुष्य उलट वाढते.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी मिथेनच्या ऑक्सिडीकरणासाठी तांबे मिसळलेला झिओलाइट वापरला. झिओलाइट म्हणजे मांजराच्या शौचपेटीत घालतात ती स्वस्त खनिजमाती. पण तिला सुमारे ३०० अंश सेल्सिअस ताप द्यावा लागतो. त्यामुळे जिथे मिथेन जास्त दाट असतो अशी कोळसाखाणीच्या वायुवीजनाची हवा किंवा गोठा हीच तिची खरी जागा वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२४च्या अहवालात या विषयावर आधी मूलभूत संशोधन करा, असेच सुचवले.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरांच्या मातीतून काकडीच्या आकाराचा मिथेनभक्षी जिवाणू वेगळा केला गेला. त्याचे नाव मिथायलोकुकुमिस ओरायझी. काटेकोर व्याख्येत असे जिवाणू निष्कासनात बसत नाहीत. चिखलातून निघालेला मिथेन हवेत पोहोचण्याआधीच ते खाऊन टाकतात.