बँकेच्या नावाने येणारे धमकीचे आणि फसवणुकीचे फोन: तक्रार कुठे करायची, कोणते कागद लागतात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या अशा फोनच्या कितीतरी तक्रारी खऱ्या असूनही परत येतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: तक्रार चुकीच्या दारी गेलेली असते, नाहीतर नुसती तोंडी केलेली असते. म्हणून आधी फोन कोणाचा होता ते ठरवा. बँकेचं नाव सांगून ओटीपी, पिन किंवा केवायसी मागणारा भामटा वेगळा. कर्जाचा हप्ता थकला म्हणून शिव्या देणारा खरा वसुलीवाला वेगळा. दोघांसाठी कागद वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

पैसे गेले असतील तर

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. शाखा उघडायची, मुलगा कामावरून यायची वाट पाहू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि वाटेत जेवढे गोठवता येतील तेवढेच हाती लागतात. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जवळ ठेवा. यूटीआर बँकेच्या मेसेजमध्ये किंवा यूपीआय ॲपमध्ये मिळतो. कन्नड येत नसेल तर हिंदीत सांगा. फोननंतर मेसेजने पोच क्रमांक येतो. तो आला की काम झालं असं समजून पुष्कळजण थांबतात. पण त्याच क्रमांकावर चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. स्वतःला जमत नसेल तर ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या शिकलेल्या पोरापोरींकडून भरून घ्या, पण भरा.

दुसरी अडचण इथेच होते. १९३० ला कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं नाही. बँकेला वेगळं, लेखी कळवावं लागतं आणि मुदत तिथे मोजली जाते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, बाहेरच्या कोणीतरी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर नुकसान येत नाही. चार ते सात कामाचे दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत भार येतो. त्यानंतर बँकेच्या धोरणावर सगळं अवलंबून.

हे दिवस मोजण्यातच लोक चुकतात. बँकेचा मेसेज ज्या दिवशी मिळाला तो दिवस धरायचा नाही. शिवाय कामाचे दिवस तुमच्या मूळ शाखेचे. सीमाभागात याला फार महत्त्व आहे, कारण राहणं निपाणीत आणि खातं कोल्हापूर किंवा कागलच्या शाखेत असं घरोघरी दिसतं. १ नोव्हेंबरला कर्नाटकातल्या बँका बंद असतात, महाराष्ट्रातल्या त्या तारखेला चालू असतात. तुम्ही सुट्टी धरून बसाल आणि मूळ शाखेच्या हिशेबात तो दिवस मोजला जाईल. म्हणून त्याच दिवशी कळवावं हे बरं.

ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं धरलं जातं, कळवल्यानंतर गेलेलं बँकेचं. लाजेपायी दोन दिवस घरात लपवून ठेवणाऱ्यांचं यात फार नुकसान होतं. सांगितला असेल तर सांगितला म्हणून लिहा, पण लगेच लिहा. बँकेकडून तारीख आणि वेळ असलेली पोच मागून घ्या. 'साहेबांना सांगितलंय' याला कुठेच किंमत नाही.

पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' या सोयीत तो क्रमांक तीस दिवसांच्या आत कळवा. नकोशा जाहिरातीच्या फोनसाठी १९०९. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करायचे असं ठरलेलं आहे, म्हणून दहा आकडी साध्या मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला काहीच सांगू नका. फोन ठेवा आणि पासबुकावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा.

वसुलीवाला शिव्या देत असेल तर

कर्ज थकलं म्हणजे माणसाची अब्रू गहाण पडत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तक्रार केल्याने कर्ज माफ होत नाही, तेही खरं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर अर्ज नीट लिहिला जातो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. पण आपल्याकडे बायकांच्या नावावरचं बहुतेक कर्ज संघाचं, म्हणजे मायक्रोफायनान्सचं. त्याला वेळ आणखी कडक आहे: सकाळी ९ च्या आधी नाही, संध्याकाळी ६ नंतर नाही. धमकी, शिव्या, सतत फोन लावणं, नातेवाईक आणि शेजाऱ्यांना त्रास देणं, नाव चारचौघांत लावणं, हे सगळं त्या नियमांत मनाई केलेलं आहे. संध्याकाळी साडेसहाचा फोन बँकेच्या कर्जासाठी चालतो, संघाच्या कर्जासाठी चालत नाही. अर्जात कर्जाचा प्रकार लिहिला नाही तर हा मुद्दाच हातचा जातो.

करारपत्राची प्रत कोणाकडेच नसते. नसली तरी मायक्रोफायनान्सचं लोन कार्ड काढा. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा नियम आहे आणि त्यावर तक्रार ऐकणाऱ्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि क्रमांक असावा लागतो. कार्ड फक्त कन्नडमध्ये मिळालं असेल आणि घरात कन्नड वाचणारं कोणी नसेल, तर तेही तक्रारीत लिहा.

पहिला अर्ज नेहमी कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला करायचा, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, मगच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. रागाच्या भरात थेट लोकपालाकडे गेलेला अर्ज विचारात न घेताच बंद होतो. लोकपालाची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर किंवा पोस्टाने चंदीगडच्या केंद्राकडे करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही. वकिलाने तुमच्या वतीने केलेली तक्रार चालत नाही, मात्र घरातल्या कोणाला लेखी अधिकार देता येतो. कर्ज बायकोच्या नावावर आणि अर्ज नवऱ्याच्या सहीचा, असे अर्ज याच अधिकारपत्राअभावी अडतात.

आता सोसायटीचं. आपल्या भागात पतसंस्था, सौहार्द सहकारी, मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्था) यांना लोक सरसकट 'बँक' म्हणतात. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल यांच्यासाठी नाही. पावतीवर नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. कर्नाटकात नोंदलेल्या संस्थेसाठी सहकार खातं आणि त्याचे जिल्ह्याचे उपनिबंधक, मल्टिस्टेट असेल तर दिल्लीचे केंद्रीय निबंधक. आणि कुठेच नोंद नसलेला सावकार दारात येऊन दमदाटी करत असेल, तर कर्नाटकाचा २०२५ चा सूक्ष्म आणि लघु कर्ज जबरदस्ती प्रतिबंधक कायदा आहे. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

पोलीस ठाण्यात

इथे अर्ज अडतो तो लाजेमुळे. बाया लिहितात, 'घाणेरडं बोलला.' एवढ्यावर काही होत नाही. नुसती शिवीगाळ अदखलपात्र धरली जाते, तिची नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. स्त्रीच्या शीलाचा अपमान करणारे शब्द मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येतात आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. म्हणून जसेच्या तसे शब्द लिहा, तारीख आणि वेळेसह. स्वतः लिहवत नसेल तर बहिणीला किंवा सुनेला लिहायला सांगा. तो शब्द तुमचा नाही, फोन करणाऱ्याचा आहे.

'कॉल डिटेल घेऊन या' असं सांगून परत पाठवलं, तर नम्रपणे सांगा की मोबाइल कंपनीकडून ती माहिती पोलिसांनीच मागवायची असते. तुम्ही फोनमधल्या कॉल यादीचे स्क्रीनशॉट द्यायचे. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोनमधून पुसू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र कोर्टात पुरावा देताना लागतं, तक्रार नोंदवताना नाही. त्यासाठी कोणी अडवलं तर अडून बसू नका, अर्ज देऊन पोच घ्या.

खातं महाराष्ट्रात आहे म्हणून 'तिकडे जा' असं ऐकावं लागतं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, आणि त्याची प्रतही फुकट मिळते. भाषेचंही तसंच. राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क संविधानाच्या कलम ३५० ने दिला आहे. त्याचा दाखला देऊन मराठीत अर्ज द्या. मात्र सोबत कन्नडमध्ये पाचसहा ओळींचा सारांश जोडला तर काम लवकर हलतं. हे हक्क सोडणं नाही, वेळ वाचवणं आहे.

तरीही दखलपात्र गुन्हा नोंदवला नाही, तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. बेळगाव शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाला. सोबत आधारची प्रत, कॉल यादी, बँकेला दिलेल्या अर्जाची पोच आणि १९३० चा क्रमांक असेल तर तो जोडा. पोस्टाची पावती आणि प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.