निघाले ब्रह्मदेशाला, उतरले मुंबईला

मराठी छपाईचा इतिहास सांगताना ‘अमेरिकन मिशनचा छापखाना’ हा उल्लेख हमखास येतो आणि आपण तो वाचून पुढे जातो. मुंबईत राज्य इंग्रजांचं, मग तिथे मराठी छापायला अमेरिकेचे पाद्री कसे आले, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारत नाही. ही माणसं मुंबईसाठी निघालीच नव्हती. त्यांना घराबाहेर पाठवणाऱ्या मंडळाचं लक्ष ब्रह्मदेशाकडे होतं.

सुरुवात १८०६ च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात. प्रार्थनेला जमलेले पाच विद्यार्थी वादळी पावसात सापडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथे आशियात धर्मप्रचाराला जायच्या गोष्टी निघाल्या. पुढे अशाच काही तरुणांनी चर्चच्या वडीलधाऱ्यांचा पिच्छा पुरवला आणि १८१० मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकेतलं पहिलं मंडळ उभं राहिलं, ‘अमेरिकन बोर्ड’.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच जणांना दीक्षा मिळाली : अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. त्या आठवड्यात लगीनघाईही चालू होती. जडसनचं लग्न आदल्या दिवशी झालं, न्यूएलचं तीन दिवसांनी. न्यूएलची बायको हॅरिएट तेव्हा १८ वर्षांची होती. सेलमची व्यापारी जहाजं कलकत्त्याच्या फेऱ्या करत, त्यातल्याच ‘कॅरव्हॅन’वर ही दोन जोडपी चढली. उरलेले फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ने निघाले.

प्रवास चार महिन्यांचा. जडसनने तेवढ्यात एक घोळ घालून ठेवला. कलकत्त्याजवळ श्रीरामपुरात इंग्रज मिशनरी विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी भेटणार, ते पडले बाप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा तान्ह्या मुलांना नव्हे, जाणत्या वयातच द्यावा असं मानणारे, तेव्हा वाद होणार, म्हणून तो जहाजावर बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास करत बसला. अभ्यास असा फळला की आपलंच मत त्याला पटेना, आणि बंगालात उतरल्यावर तो बाप्टिस्ट झाला. थोड्याच दिवसांत राइसही. मंडळाने पाठवलेल्या पाचांतले दोघे वर्षाच्या आत गळाले.

तोवर कंपनी सरकारचा हुकूम आलाच होता : परत जा. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. १८०६ चं वेल्लोरचं बंड ताजं होतं. शिपायांच्या पगड्या आणि कपाळावरची गंधं यांत हात घातल्याने तिथे रक्त सांडलं होतं, तेव्हा धर्माच्या वाटेला जाऊन व्यापार आणि राज्य कशाला धोक्यात घाला, असा कंपनीचा रोकडा हिशेब. केरी टिकले होते ते श्रीरामपूर डेन्मार्कच्या ताब्यात होतं म्हणून. त्यात १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. ‘कॅरव्हॅन’ कलकत्त्याला लागली ती त्याच सुमारास. बातमी यायला काही महिने लागले, पण ती आल्यावर हे पाद्री नको असलेले पाहुणे न राहता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले.

इथून वाटा फुटल्या. न्यूएल पती-पत्नी मॉरिशसला निघाले. हॅरिएट गरोदर होती. जहाजावरच मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ ला पोर्ट लुईत हॅरिएटही क्षयाने गेली, वय १९. एकही दिवस तिला ‘काम’ म्हणता येईल असं काही करता आलं नव्हतं. पण तिच्या डायरीची आणि पत्रांची पुस्तकं अमेरिकेत घरोघर वाचली गेली आणि परदेशी मिशनला जितका पैसा नि जितकी माणसं तिच्या मरणाने मिळवून दिली, तितकी कुठल्याही प्रवचनाने क्वचितच दिली असतील. जडसन दांपत्य जानेवारीत मॉरिशसला पोचलं तेव्हा त्यांना मैत्रिणीऐवजी तिची कबर दिसली. तिथून ते मद्रासला आले, पुन्हा हद्दपारीची धास्ती, म्हणून जे जहाज मिळालं त्यात बसले. ते चाललं होतं रंगूनला. मंडळ सोडून गेलेला माणूसच अखेर मंडळाच्या मनातल्या ब्रह्मदेशात पोचला, आणि पुढे बायबलचं बर्मी भाषांतरही त्यानेच केलं.

आपल्या कामाचे हॉल आणि नॉट. त्यांनी मुंबईचा परवाना मिळवला होता. त्यांची रवानगी विलायतेला करा, असा हुकूम मागाहून निघाला, पण त्याचा अंमल व्हायच्या आत दोघे मुंबईच्या जहाजात बसले. ११ फेब्रुवारी १८१३ ला ते मुंबईला उतरले, आणि मागोमाग कलकत्त्याहून पत्र : यांना पकडून इंग्लंडला धाडा.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः बायबल सोसायटीचे, म्हणजे बायबलचा प्रसार करणाऱ्या संस्थेचे, हितचिंतक. वरून हुकूम आणि आतून सहानुभूती, अशा कात्रीत सापडलेल्या सरकारी माणसाने करावं तेच त्यांनी केलं : दिवस ढकलले. शेवटी जहाज ठरलं. तेव्हा हॉल आणि नॉट नॉटच्या बायकोला मुंबईत ठेवून गुपचूप गलबतात बसले आणि कोचीनला पोचले. जायचं होतं सिलोनला, कारण तिथे कंपनीचं नव्हे, थेट ब्रिटिश राजाचं राज्य होतं. कोचीनला पकडले गेले आणि पुन्हा मुंबईला आणले गेले. मग हॉलने नेपियनना एक लांबलचक निवेदन लिहिलं. देवाच्या आज्ञेसमोर सरकारची आज्ञा किती चालते, हा त्याचा रोख. ते वाचताना वाटतं, वकिली केली असती तरी हा गृहस्थ उपाशी राहिला नसता.

निवेदनाने किती फरक पडला कोण जाणे. वारं तिकडे लंडनमध्येच फिरलं होतं. कंपनीच्या कारभाराचे नियम ठरवणाऱ्या १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट करून दिली. हॉल आणि नॉटना मुंबईत राहायची मुभा मिळाली, १८१४ मध्ये एकटा न्यूएलही सिलोनहून येऊन मिळाला. म्हणजे ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव कुठल्याही आराखड्यातून आलेलं नाही. सगळी दारं बंद झाल्यावर जे उघडं राहिलं, त्या दारात मराठी बोलली जात होती इतकंच.

धर्मांतराच्या हिशेबाने पहिली दहा-बारा वर्षं कोरडीच गेली. देवळांपाशी, तळ्यांच्या काठी, बाजारात उभं राहून हॉल बोलायचा. लोक ऐकायचे, वाद घालायचे, घरी जायचे. मूर्तिपूजेवर त्याची टीका बोचरी होती, आणि ज्या समाजात आपण पाहुणे आहोत त्याच्याबद्दलची त्याची भाषा आज वाचवत नाही. मुलं मात्र शाळेत आली. १८१५ पासून मिशनने शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुलींची शाळा. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित बाई मंडळाने मुंबईला पाठवली. पुढे त्या अहमदनगरला गेल्या आणि जोतीराव फुले मुलींची शाळा पाहायला गेले ती त्यांचीच.

छापखाना सुरू झाला १८१७ मध्ये. श्रीरामपूरला केरींनी मराठी व्याकरण १८०५ मध्येच छापलं होतं, पण ते बंगालात. मुंबईत, मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर देवनागरी खिळे जुळवण्याचं काम इथे चालू झालं, आणि १८२६ मध्ये बायबलचा उत्तरार्ध, म्हणजे ‘नवा करार’, मराठीत पुरा झाला.

हॉलला ते वर्ष पुरं झालं नाही. मार्च १८२६ मध्ये तो नाशिकला गेला. तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. जवळचं औषध त्याने बरंचसं रोग्यांना वाटून टाकलं आणि परतीला लागला. १९ तारखेच्या रात्री वाटेतल्या एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर चटई टाकून झोपला. शेजारी आजारी माणसं होती. पहाटे त्यालाच पटकी लागली, दुपारपर्यंत संपलं. वय ४१. ज्या देवळांविरुद्ध तो तेरा वर्षं बोलला, त्यांतल्याच एकाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. बरोबर मिशनची पोरं होती, त्यांनीच त्याला घोंगडीत गुंडाळून पुरलं.

मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला पोचलं. पेशवाई बुडाल्याने घाटावरचा रस्ता मोकळा झाला होता. १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक निघालं. पण छापखान्याचं पुढे काय झालं, ते जास्त मजेशीर आहे. तिथलं काम पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या माणसाने स्वतः खटपट करून शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापायचा छापखाना, उभा केला, आणि १८३१ मध्ये छापलं काय, तर पंचांग. छापील कागद सोवळ्याला चालत नसे, कारण शाईत चरबी. म्हणून त्यांनी चरबीच्या जागी तूप घालून शाई केली.